वसे आणि दिसे

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण मराठी घरात इतकी बोलली जाते की तिच्यातल्या शब्दांकडे आता कुणाचं लक्षही जात नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला पेपर कोरा राहिल्याचं दिसलं, लग्न ठरलेल्या मुलीला मांडवात अक्षताच सापडेनात असं स्वप्न पडलं, की घरातलं कुणीतरी ही म्हण म्हणतं आणि विषय तिथेच मिटतो. दिवसभर डोक्यात घोळलं तेच रात्री आलं, एवढाच अर्थ आपण तिच्यातून घेतो. पण म्हण ‘मनी येई’ म्हणत नाही, ‘मनी असे’ही म्हणत नाही. तिने ‘वसे’ म्हटलं आहे. वसणं म्हणजे बिऱ्हाड करणं, घर करून राहणं. पाहुणा येतो, चहा घेतो, जातो. तो वसत नाही. मनातून रोज हजार गोष्टी जातात, त्यांतल्या मोजक्याच तिथे वस्तीला राहतात. झोपेच्या प्रयोगशाळांनी गेल्या सत्तरेक वर्षांत स्वप्नांविषयी जे जमवलं ते वाचत गेलं की हे क्रियापद किती नेमकं आहे ते कळत जातं. स्वप्न उद्याची वार्ता आणत नाही, ते गुप्त लिपीत लिहिलेलं पत्र नाही आणि मेंदूतली रिकामी खरखरही नाही. मनात ज्यांनी घर केलं आहे त्यांची ती हजेरी आहे, असं माझं मत आहे. ते पुराव्याला कितपत टिकतं ते बघू.

स्वप्नांचा अर्थ लावायची घाई सगळ्यांना असते, ती मोजायचा कंटाळा न करणारे थोडे. अमेरिकेतल्या कॅल्विन हॉल यांनी तो केला नाही. त्यांनी आणि रॉबर्ट व्हॅन द कॅसल यांनी १९६६ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केलं, त्याचा पाया शंभर कॉलेजकुमार आणि शंभर कॉलेजकुमारी यांची प्रत्येकी पाच, म्हणजे एकूण हजार स्वप्नं हा होता. कोण दिसलं, कुठे दिसलं, भांडण झालं की मैत्री, मनाला काय वाटलं, असं एकेक कप्प्यात टाकून त्यांनी ती मोजली. विसाव्या वर्षीच्या मुलामुलींची स्वप्नं मजेची आणि प्रेमाची निघतील असं कुणालाही वाटेल. निघालं उलटं. त्यांत दुर्दैवाचे प्रसंग सुदैवाच्या प्रसंगांच्या सुमारे सातपट होते. काहीतरी हरवलंय, गाडी चुकतेय, कुणीतरी मागे लागलंय. पुढे अर्नेस्ट हार्टमन यांनी वेगळ्याच बाजूने विचारलं. जी माणसं दिवसाचे कित्येक तास वाचण्यात, लिहिण्यात, आकडेमोडीत घालवतात त्यांना स्वप्नात वाचन, लेखन, हिशेब किती दिसतात? २००० मध्ये त्यांनी मांडलेलं उत्तर असं की जवळजवळ दिसतच नाहीत. हे फार महत्त्वाचं आहे. स्वप्न ही दिवसाची नोंदवही असती तर बँकेतल्या कारकुनाला रोज रात्री व्हाउचर दिसली असती. त्याला दिसते ती रोकड न जुळण्याची भीती. आठ तास केलेलं काम मनातून नुसतं गेलेलं असतं. तिथे वसलेली असते ती काळजी.

आपल्याकडच्या वैद्यांनाही मोजणीवाचून याचा अंदाज आला होता. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनापासून इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. यांतले पहिले पाच प्रकार वैद्याने निष्फळ समजावेत, असंही तिथेच सांगितलं आहे. निष्फळ म्हणजे त्यांतून भाकीत निघत नाही. ज्या काळात राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगायला दरबारात माणसं लागत, त्या काळात एका वैद्यकग्रंथाने सातांतल्या पाच खोल्या ज्योतिषाला बंद करून टाकल्या, याचं मला मोठं अप्रूप वाटतं. आणि त्या पाच प्रकारांकडे नीट पाहिलं तर ती आपल्या म्हणीचीच फोड आहे. पाहिलेलं, ऐकलेलं, भोगलेलं, हवंसं वाटलेलं, रचलेलं. मन भरतं ते एवढ्याच वाटांनी.

यावर पहिला आक्षेप मुळावरच घाव घालणारा आहे. झोपेत स्वप्न ‘पडतं’ हेच कशावरून? अमेरिकी तत्त्वज्ञ नॉर्मन माल्कम यांनी १९५९ मध्ये हा प्रश्न अगदी गंभीरपणे विचारला. आपल्या हाती असते ती फक्त जागेपणी सांगितलेली हकिगत. झोपेत खरोखर काही अनुभवलं याला दुसरा साक्षीदार नाही. या शंकेला जुना आधारही होता. आल्फ्रेड मोरी या फ्रेंच अभ्यासकाला एकोणिसाव्या शतकात एक लांबलचक स्वप्न पडलं: राज्यक्रांती, खटला, शिक्षा, जमाव, आणि शेवटी मानेवर पडणारं गिलोटिनचं पातं. दचकून उठतो तर पलंगाची दांडी निसटून मानेवर पडलेली. दांडी पडली आणि जाग आली यात क्षणाचं अंतर, मग एवढी कथा कधी घडली? जाग येताना मेंदूने ती एका झटक्यात रचली असेल, असं अनेकांना वाटलं.

पण साक्षीदार मिळाला. शिकागो विद्यापीठात नथॅनियल क्लाइटमन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या यूजीन अ‍ॅसेरिन्स्की यांनी स्वतःच्या लहान मुलाच्या डोळ्यांजवळ इलेक्ट्रोड चिकटवले आणि रात्रभर कागदावर उमटणाऱ्या रेघा पाहत बसले. शांत झोपलेल्या मुलाचे डोळे मध्येच पापण्यांखाली भराभर फिरू लागले. हे दोघांनी १९५३ मध्ये जाहीर केलं. या झोपेला पुढे ‘रेम’ हे नाव पडलं. त्या वेळी उठवलेला माणूस बहुधा स्वप्नातूनच उठतो. क्लाइटमन यांचे विद्यार्थी विल्यम डिमेंट यांनी अशा झोपेत पाच मिनिटं गेल्यावर किंवा पंधरा मिनिटं गेल्यावर माणसांना उठवून विचारलं, स्वप्न किती वेळ चाललं होतं, पाच की पंधरा? बहुतेकांनी बरोबर सांगितलं. स्वप्न झटक्यात रचलेलं असतं तर हे जमलं नसतं. १९५८ मध्ये डिमेंट आणि वोल्पर्ट यांनी झोपलेल्यांच्या अंगावर थंड पाण्याचे तुषार मारले, थोडा वेळ जाऊ दिला आणि मग जागं केलं. तेहतीसपैकी चौदा वेळा ते पाणी स्वप्नात शिरलं होतं. एकाच्या स्वप्नात नाटक चाललं होतं. तो नायिकेच्या मागून चालत होता, ती अचानक कोसळली, तिच्यावर पाणी ठिबकू लागलं. तो धावत गेला तर त्याच्याही पाठीवर थेंब, आणि वर बघतो तर छप्पर गळतंय. बाहेरून आलं ते फक्त पाणी. नाटक, नायिका, तिला सावरायची धडपड, सगळं त्याचं स्वतःचं.

याहून थेट साक्ष हवी असेल तर तीही आहे. रेम झोपेत मेंदू शरीराचे स्नायू जवळजवळ बंद करून ठेवतो, म्हणूनच आपण स्वप्नात धावतो आणि अंथरुणात पडून राहतो. फ्रान्समध्ये ल्यों इथे मिशेल जुवे यांनी मांजरांच्या मेंदूतला हा अटकाव करणारा भाग निकामी केला, तर झोपलेली मांजरं उठून दबा धरू लागली, नसलेल्या भक्ष्यावर झडप घालू लागली. माणसांत हाच अटकाव सुटण्याचा विकार १९८६ मध्ये कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी नोंदवला. त्यांचा एक सदुसष्ट वर्षांचा रुग्ण स्वप्नात फुटबॉल खेळत होता, समोरच्या दांडग्या खेळाडूला धडक द्यायला तो झेपावला, आणि भानावर आला तेव्हा खोलीतल्या आरशाच्या कपाटासमोर उभा होता, दिवे-आरसा खाली पडलेले. (हा विकार हसण्यावारी नेऊ नये. घरातलं वयस्कर माणूस झोपेत ओरडत, मारत, लाथा झाडत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाला जरूर दाखवावं. अशा बऱ्याच जणांना काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच्या जातीचा आजार होतो.) आणि २०२१ मध्ये चार देशांतल्या संशोधकांनी झोपलेल्या, पण आपण स्वप्नात आहोत हे उमगलेल्या माणसांशी चक्क बोलणं केलं. अमेरिकेतल्या एका तरुणाला रेम झोपेत विचारलं, आठातून सहा गेले किती? त्याने बंद पापण्यांखाली डोळे डावी-उजवीकडे दोनदा फिरवले. माल्कम यांच्या शंकेला यापेक्षा सरळ उत्तर मागता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक तगडा. मान्य, झोपेत काहीतरी चालतं. पण त्याला अर्थ असतो हे कशावरून? हार्वर्डमधल्या अ‍ॅलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी १९७७ मध्ये मांडलं की रेम झोपेत मेंदूच्या बुंध्यातून कसेही संकेत वर येतात आणि वरचा मेंदू त्यांतून कशीबशी गोष्ट जुळवतो. यात बरंच तथ्य आहे. स्वप्नात माणूस बोलता बोलता दुसराच होतो, शाळेच्या जिन्यावरून चढलं की वर रेल्वेचा फलाट लागतो, आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. बेल्जियममधल्या प्येर माके यांच्या गटाने १९९६ मध्ये रेम झोपेतल्या मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा भीती आणि भावना हाताळणारा भाग जोरात चाललेला आणि पडताळा घेणारा पुढचा भाग मंदावलेला आढळला. म्हणजे घाबरणारा जागा, शहानिशा करणारा झोपलेला. स्वप्नाच्या विस्कळीतपणाचं हे चांगलं स्पष्टीकरण आहे. पण त्यावरून सगळाच प्रकार निरर्थक ठरत नाही. मार्क सोल्म्स यांनी १९९०च्या दशकात मेंदूला इजा झालेल्या रुग्णांची पाहणी केली, तेव्हा रेम झोप शाबूत असूनही स्वप्नं कायमची थांबलेली माणसं सापडली. त्यांतल्या काहींची इजा होती ती कपाळामागे खोलवर, जिथून इच्छा आणि ओढ यांचे मार्ग जातात. बुंधा संकेत पाठवतच होता, पण हवंसं वाटणंच तुटलं आणि स्वप्न गेलं. चरकाच्या यादीतला चौथा शब्द इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

गोधडी डोळ्यांसमोर आणली तर हा वाद सुटायला मदत होते. तिच्यात कुठला तुकडा कुठे लागेल याला नेम नसतो. लुगड्याच्या काठाशेजारी शर्टाची बाही, तिच्याखाली झबल्याची ठिगळं. मांडणीत अर्थ शोधणारा फसेल. पण तुकडा मात्र प्रत्येक त्याच घरातला असतो, आणि त्या घरात कोण कोण राहून गेलं ते गोधडी सांगते. हॉब्सन यांना दिसली ती शिवण. कापड कुठून आलं याचा पुरावा दुसरीकडे आहे. जन्मांध माणसांना स्वप्नं पडतात, पण ती आवाजांची, स्पर्शांची, वासांची, चवींची, चित्रांची नाहीत. सातव्या वर्षानंतर दृष्टी गेलेल्यांना मात्र पुढेही वर्षानुवर्षं स्वप्नात दिसत राहतं. डेव्हिड फॉल्क्स यांनी लहान मुलांना प्रयोगशाळेत झोपवून वर्षानुवर्षं निरीक्षण केलं, तर पाच वर्षांखालची मुलं रेम झोपेतून उठवल्यावर क्वचितच स्वप्न सांगत, आणि सांगितलं तरी एखादं स्थिर चित्र, बहुतेकदा प्राण्याचं. स्वप्नात स्वतः हिंडणारं-फिरणारं मूल यायला सात-आठ वर्षं जावी लागतात. रेम झोप तर तान्ह्या बाळालाही भरपूर असते. संकेत पुरेसे नाहीत, घरात कापड साठावं लागतं.

तिसरा आक्षेप आपल्याकडे सर्वांत जोरात घेतला जातो. पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं लोक मानतात, आणि स्वप्न खरं ठरल्याची उदाहरणं प्रत्येक कुटुंबात सांगितली जातात. जुन्या स्वप्नशास्त्रात तर प्रहरांची कोष्टकंच आहेत: पहिल्या प्रहरातलं स्वप्न फळायला वर्ष, पहाटेचं फळायला थोडेच दिवस. ही समजूत कशी झाली असेल ते आज नीट सांगता येतं. झोपेची एक फेरी साधारण दीड तासाची. पहिल्या फेरीत रेम झोप काही मिनिटांचीच असते आणि रात्र सरेल तशी ती लांबत जाते, शेवटची अर्धा तास किंवा त्याहून अधिक चालते. त्यामुळे पहाटेचं स्वप्न लांब, रंगतदार, आणि त्यातूनच जाग आल्याने लक्षात राहिलेलं. जे लक्षात राहतं तेच खरं ठरू शकतं. विसरलेल्या स्वप्नाची खात्री कोण करणार? बाकी काम संख्या करते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. एखादं स्वप्न योगायोगाने दुसऱ्या दिवशीच्या घटनेशी जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक एवढीच धरली आणि माणशी रात्रीचं एकच स्वप्न धरलं, तरी एकट्या या राज्यात रोज शंभरावर माणसं अंगावर काटा आणणारी हकिगत सांगत उठतील. ती खोटं बोलत नसतील. फक्त उरलेल्या सव्वाअकरा कोटींना सांगण्यासारखं काही नसेल.

यावर कुणी म्हणेल, गणित राहू द्या, प्रत्यक्ष तपासलंय का? तपासलं आहे. मार्च १९३२ मध्ये अमेरिकेत वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाला पळवून नेलं. मूल सापडण्याआधीच हार्वर्डच्या हेन्री मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृत्तपत्रातून आवाहन केलं की या मुलाविषयी स्वप्न पडलं असेल तर कळवा. तेराशेहून अधिक स्वप्नं आली. मूल मारलं गेलं होतं आणि झाडीत उथळ खड्ड्यात पुरलेलं होतं. सुमारे पाच टक्के स्वप्नांत ते मेलेलं दिसलं होतं, आणि मृत्यू, पुरलेलं प्रेत, झाडी या तिन्हींचा उल्लेख अवघ्या चार स्वप्नांत होता. भाकीत म्हणून हा निकाल लागलाच. पण मला त्या तेराशे पत्रांची दुसरी बाजू जास्त हलवते. कधी न पाहिलेलं एक मूल देशभरातल्या अनोळखी माणसांच्या झोपेत येत होतं. त्या वसंतात ते बाळ त्यांच्या मनात वसलं होतं, आणि बहुतेकांना ते जिवंत दिसत होतं.

फ्रॉइड यांच्याविषयी थोडक्यात. १९०० हे साल छापून आलेल्या त्यांच्या ग्रंथाने स्वप्नाकडे आदराने पाहायला शिकवलं, हे त्यांचं ऋण मोठं. पण स्वप्न मुद्दाम वेषांतर करून येतं, अमुक वस्तू म्हणजे तमुक वासना, हे मला पटत नाही. यात्रेत मिळणाऱ्या स्वप्नफलाच्या पुस्तिकाही वेगळ्या टोकाने तेच करतात. साप म्हणजे काय? रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याचा साप एक, सर्पमित्राचा दुसरा, शहरातल्या पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाचा तिसरा. अर्थ सापापाशी नसतो, तो ज्याला दिसला त्याच्यापाशी असतो.

आता राहिले ते दृष्टान्त आणि शोध. ओटो लोवी या शास्त्रज्ञाला ग्राट्स इथे एका रात्री प्रयोगाची कल्पना स्वप्नात सुचली. अर्धवट जागेपणी त्यांनी चिठोऱ्यावर खरडलं, सकाळी ते स्वतःलाच वाचता येईना. दुसऱ्या रात्री तीन वाजता तीच कल्पना पुन्हा आली, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाची दोन हृदयं घेतली, एकाचा मज्जातंतू चेतवून त्याची गती मंदावली, त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्याला दिलं, आणि तेही मंदावलं. मज्जातंतू रसायनातून बोलतात हे त्यातून कळलं. १९३६ चं नोबेल त्यासाठी मिळालं. स्वप्नाने दिलेलं नोबेल म्हणून ही गोष्ट सांगतात. पण लोवी यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की रसायनाची ही कल्पना त्यांच्या मनात १९०३ मध्येच येऊन गेली होती. ती गेली नव्हती, राहिली होती, सतरा वर्षं. तुकोबांनी आपल्या अभंगांतून स्वप्नातल्या दोन भेटी सांगितल्या आहेत. एकदा नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि कवित्वाचं काम सोपवून गेले. एकदा गुरू बाबाजींनी मस्तकावर हात ठेवून मंत्र दिला. या दुसऱ्या भेटीत गुरूंनी जेवणासाठी पावशेर तूप मागितलं आणि ते द्यायचं स्वप्नात राहून गेलं, हेही तुकोबा सांगतात. त्या पावशेर तुपाने ते स्वप्न मला फार खरं वाटतं. परमार्थाच्या एवढ्या मोठ्या क्षणी आल्या-गेल्याला जेवू घालण्याची घरधन्याची ओढ तिथे हजर आहे, आणि ते राहून गेल्याची रुखरुखही. ज्याच्या मनात विठ्ठल आणि अन्न दोन्ही वसले होते त्याच्याच स्वप्नात हे यावं. असं म्हटल्याने दृष्टान्ताची थोरवी कमी होत नाही. वाणसामानाच्या दुकानात बसून ज्याने मनात एवढी जागा केली, थोरवी त्याची आहे.

शेवटचा आक्षेप रास्त आहे. तीस वर्षांत ज्याची आठवणही काढली नाही तो वर्गमित्र एका रात्री स्वप्नात येतो, तो कुठे वसला होता? मन म्हणजे आपल्याला ठाऊक असलेलं मन, असं धरलं तर या प्रश्नाला उत्तर नाही. पण म्हणीने घरमालकाला सगळे भाडेकरू ठाऊक असतात असं कुठे म्हटलंय? रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सत्तावीस जणांना तीन दिवस मिळून सात तास टेट्रिस खेळायला लावलं, आणि झोप लागता लागता काय दिसतं ते विचारलं. वरून घसरत येणारे, फिरून खाचेत बसणारे ठोकळे बहुतेकांना दिसले. या सत्तावीस जणांत पाच जण असे होते की मेंदूतल्या इजेमुळे त्यांच्यात नवी आठवण टिकतच नव्हती. आपण असा काही खेळ खेळलो, हेच त्यांना आठवत नव्हतं. त्या पाचांपैकी तिघांनी झोपेच्या उंबरठ्यावर पडत येणारे ठोकळे पाहिले, आणि हे कसले आकार आहेत ते त्यांना सांगता येईना.